दोन कोऱ्या ओळी

वालूरच्या शिवभजनी मंडळात मल्लेशला कुणी गाऊ देत नसे. त्याच्या हातात झांज दिलेली होती, तीही ‘हळू वाजव’ असं बजावून. सोमवारच्या भजनात त्यानं चुकून वरचा सूर धरलाच तर पेटीवाला हात आवरता घेई आणि थोरला भाऊ शिवकांत डोळे वटारून बघे. सिमेंट-पत्र्याच्या दुकानातून रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची, एवढ्याच कामाचा तो गळा. असा हा मल्लेश सकाळी आठ वाजता आईच्या खाटेशी बसून, एका हातात पेजेची वाटी आणि दुसऱ्या हातात चमचा धरून, जीव तोडून गात होता.

भुकेल्याची भाकर तू, तान्हेल्याचं पाणी,
तुझ्याविना दयाघना, नाही मला कोणी.

भागम्मानं ओठ घट्ट मिटले होते. ती त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

"माय, आ कर की. एकच चमचा. बघ, गायलोय ना मी?"

ओठ हलले नाहीत. त्याची बायको त्रिवेणी उशाशी उभी होती. ती म्हणाली, "अहो, जरा सावकाश म्हणा. तुमी वरडायलात."

"वरडू न्हाई तर काय करू? तिसरा दिवस हाय आज!"

ऋतुजा, त्यांची बारावीतली मुलगी, मोबाइल घेऊन आली. त्यात शिवकांतनं गायलेलं हेच गाणं भरून ठेवलेलं होतं. तिनं तो आजीच्या कानाशी धरला. भागम्माची नजर मोबाइलकडे वळली, क्षणभर तिथे थांबली, आणि पुन्हा दाराकडे गेली. डबीतून येणाऱ्या आवाजाला ती फसणार नव्हती. मल्लेशनं चमचा ओठांना लावून बघितला. पेज हनुवटीवरून ओघळून गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यापर्यंत गेली, ती त्रिवेणीनं पदरानं पुसली.

दीड महिन्यापूर्वी भागम्माची उजवी बाजू गेली होती. वाचा गेली, ओळख गेली, असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं. नाकातून नळी घातली, ती तिनं डाव्या हातानं उपसून टाकली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. तिसऱ्यांदा रक्त आलं तेव्हा डॉक्टरांनीच हात टेकले. पोटाला भोक पाडून नळी बसवायची तर या वयात, या अंगानं ती टेबलावरच राहील, म्हणाले. "तोंडानं जातंय तोवर घाला. आणि एक ध्यानात ठेवा, गिळायची सवय मोडली की ती परत यायची नाही." हे वाक्य मल्लेश घरी येताना गाडीत मनातल्या मनात घोकत होता, आणि तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून हललं नव्हतं.

घरी आणल्यावर दोन दिवस तिनं तोंड उघडलं नाही. मग सोमवार आला. मंडळ नेहमीसारखं देवळात न बसता तिच्यासाठी घरी आलं. चार भजनं झाली, ती आढ्याकडे बघत पडून राहिली. पाचवं शिवकांतनं धरलं, ‘भुकेल्याची भाकर तू’. आणि भागम्मानं मान वळवली, शिवकांतकडे बघितलं, आणि केवढा तरी मोठा ‘आ’ केला. त्रिवेणी धावत आत गेली, पेज घेऊन आली. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. घशाची कातडी हलली तशी मल्लेशनं झांज टाकून दिली आणि तो सगळ्यांदेखत लहान पोरासारखा रडला.

त्या दिवसापासून नेम झाला. शिवकांत दोन गल्ल्या सोडून राहायचा. तिन्ही वेळेला यायचा, खाटेशी मांडी घालून बसायचा आणि गायचा. पाच कडवी, पुन्हा पाच कडवी, वाटी संपेपर्यंत. वीस दिवस हे चाललं. भागम्माच्या गालावर जरासं मांस आलं. ऋतुजानं कौतुकानं त्याची चित्रफीत काढली आणि ‘वालूरची आजी भजनावर जेवते’ असं लिहून सगळीकडे सोडून दिली. लाखभर लोकांनी ती बघितली. कुणी हात जोडले, कुणी रडकी तोंडं टाकली.

आणि एका बाईनं खाली लिहिलं, ‘हे आमच्या आजोबांचं गाणं आहे. सिताराम मास्तर. आमच्या चर्चमध्ये साठ वर्षं म्हणतात. शेवटचं कडवं तुमी का सोडलं?’ सोबत तिनं कडवंही दिलं होतं.

सिताराम म्हणे, माझे रिते दोन्ही हात,
येशूराया, लेकराला भरव दूधभात.

मग काय विचारता. ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही असे लोक सकाळ-संध्याकाळ गाण्यावर बोलू लागले. समाजाच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, मंडळ बाटलं. कुणी शिवकांतला खासगीत विचारलं, धर्म बदलायचा विचार आहे का. किशनराव म्हणजे मंडळातला सगळ्यात जुना माणूस, स्वभावानं गरीब, तोसुद्धा म्हणाला, "शिवकांत, देवळापुढं आपण चर्चचं गाणं म्हनलो रं इतकी वर्सं." शिवकांतनं मंडळाची बैठक बोलावली, गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की, हे गाणं पुन्हा माझ्या तोंडातून निघणार नाही. त्या दुपारी तो आईच्या खाटेशी आला, पण दुसरं भजन म्हणाला. तिनं तोंड उघडलं नाही. संध्याकाळी तिसरं म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

आता तिसऱ्या दिवशी सकाळी मल्लेश वाटी तशीच ठेवून उठला आणि चपला न घालताच भावाच्या घरी गेला.

शिवकांत ओसरीवर वही घेऊन बसला होता. वही वडलांच्या अक्षरातली, मंडळाची मूळ वही. एकशे सातव्या भजनावर त्याचं बोट होतं. पाच कडवी, आणि त्याखाली दोन ओळींची जागा कोरी सोडलेली. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं की कागदाची इतकी काटकसर करणाऱ्या माणसानं ती जागा का सोडली.

"दादा, चल. माय गेली तर तुझी शपथ काय चाटायची हाय का?"

"बस."

"बसायला आलो न्हाई मी. ह्या पाच कडव्यात ख्रिस्ती काय हाय, दाखव मला. भाकर ख्रिस्ती हाय का पाणी ख्रिस्ती हाय? दयाघन म्हनल्यावर कुणाचं नाव आलं त्यात? चाल तर आपल्या पिठलं-भाकरीसारखी, कुणाच्याबी घरची."

"चाळीस वर्सं मलाबी तसंच वाटलं," शिवकांत म्हणाला. त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. "डोळे मिटून महादेवापुढं म्हनलो मी हे. लय लोकांनी सांगितलं, शिवकांत, ह्या भजनाला तुझा गळा भरून येतो. मग ते कुणाला पोचलं, मल्लेश? मी कुणाला हाक मारायलो होतो इतके दिवस?"

"ज्याला पोचायचं त्याला पोचलं."

"तुला सोपं हाय. तू झांज वाजवतोस." मग तो थोडा नरमला. "कळलं नव्हतं तवर ठीक होतं. आता कळलंय. कळल्यावर न कळल्यावानी कसं गाऊ? आणि उद्या मायचं काही बरंवाईट झालं, तर तिला समाधीत बसवायला, भजन म्हनत न्यायला हेच लोक लागणार हायेत ना? समाजानं पाठ फिरवली तर तू एकटा नेणार का तिला?"

"न्यायचं बोलायलास तू. मी जगवायचं बोलायलोय."

शिवकांतनं वही मिटली. मल्लेश भावाच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला तसा तो उठून आत निघून गेला. दार लोटल्याचा आवाज आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, भर सकाळी, गल्लीतल्या बायकांच्या देखत, लोटलेल्या दारापुढे ओणवा झालेला होता. त्याला लाज वाटायलासुद्धा सवड नव्हती.

गावच्या डॉक्टरांनी सलाइन लावली. शीर सापडेना, सापडली ती दुसऱ्या दिवशी फुगली. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. त्रिवेणी ओल्या कापडानं सासूचे ओठ भिजवत होती. मल्लेशनं दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यात जे आलं ते शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नसतं. त्यानं ऋतुजाकडून त्या बाईचा नंबर मिळवला. बाईचं नाव सविता. परभणीत शिवणाचे क्लास घेत होती.

"ताई, माझं एक काम करा," तो म्हणाला. "तुमी खाली लिहा, की माझी चूक झाली. हे गाणं आमचं न्हाई, दुसरंच हाय. एवढंच. माझा भाऊ मग गाईल. माझी माय मरायलीय हो."

पलीकडे शिवणयंत्राची खडखड थांबली.

"काय म्हनलात?"

"तुमचं काय जातंय ताई त्यात? तुमच्या चर्चमध्ये तुमी म्हणा की खुशाल. फकस्त लोकांपुढं—"

"आमचं काय जातंय?" सविताचा आवाज चढला. "भाऊ, माझा आजोबा मिशनच्या दवाखान्यात फरशी पुसायचा. त्याला गावच्या देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते, भजनात बसवायचं तर सोडाच. त्याच्या मागं जमीन न्हाई, घर न्हाई, फोटोसुदीक न्हाई. एक गाणं राहिलं, आणि त्यात शेवटी त्याचं नाव. तेवढंच तुमच्या वहीनं कापलं. आता मी माझ्या हातानं पुन्हा कापू?"

मल्लेशनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ख्रिस्ती गाणं, ख्रिस्ती गाणं म्हनून तुमी नाक मुरडायलात. मला काय वाटतं सांगू? गायला ते कुणाचंबी हाय. भुकेल्यानं गावं. मी लेबल लावलं ते तुमाला दूर ठेवायला न्हाई लावलं. ते कुणी केलं, हे लोकांनी इसरू न्हाई म्हनून लावलं. तुमी त्याचं कुंपण केलं." एवढं बोलून तिनं फोन ठेवून दिला.

मल्लेशनं फोन खिशात टाकला. आपण काय मागितलं, हे त्याला आता कळलं आणि त्याचे कान तापले. पण आतल्या खोलीत आई सहाव्या दिवसात चालली होती, आणि शरमेनं कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

रविवारी, आठव्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, सुती साडी, चपलांवर एसटी स्टँडपासूनची धूळ. "मी सविता," ती म्हणाली. "प्रार्थना झाली आणि तशीच निघाले. रात्री झोप लागली न्हाई मला तीन दिवस. आजी कुठं हायेत?"

त्रिवेणीनं पाणी दिलं. सविता खाटेशी गेली, भागम्माकडे बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. आठ दिवसांत भागम्माचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. श्वास होता, तोही लक्ष देऊन बघितल्यावर कळेल इतकाच.

"मी म्हणते," सविता म्हणाली. "पर सहाच्या सहा कडवी म्हणीन. चालंल?"

"सोळा म्हणा," मल्लेश म्हणाला.

सविताचा गळा गोड होता, भरलेला होता. मंडळातल्या सगळ्यांना एका बाजूला बसवून तिला ऐकावं असा. तिनं पहिलं कडवं म्हटलं. भागम्माची पापणी हलली. मल्लेशनं चमचा पुढे केला. दुसरं कडवं झालं. तिसरं. ओठ मिटलेलेच. भागम्मा ऐकत होती यात शंका नव्हती, तिच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. पण तोंड तिनं उघडलं नाही. पाचवं कडवं झालं तेव्हा मल्लेशनं चमचा वाटीत ठेवून दिला. गाणंही आणून झालं, गाण्याचं घरही आणून झालं. आता मागायला कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला आणि शिवकांत आत आला. चर्चची बाई घरात येऊन आईच्या कानाशी गातेय, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचायला पाच कडवी पुरली होती. मागे किशनराव आणि मंडळातले दोघे दारात थांबले.

"मल्लेश! हे काय चालवलंस तू घरात? मरणाऱ्या माणसाच्या—"

पुढचं तो बोलू शकला नाही. भागम्मानं त्याच्या आवाजाकडे मान वळवली होती. मान वळवायची ताकद तिच्यात कुठून आली देव जाणे. ओठ किंचित विलगले.

सवितानं ते बघितलं. तिनं शिवकांतकडे निरखून बघितलं, पांढऱ्या मिशा, कपाळावरचं भस्म. "भाऊ," ती म्हणाली, "तुमी थोरले का? तुमी जन्मला ते मिशनच्या दवाखान्यात?"

"तुमाला काय करायचंय?"

"सांगा तर."

"तिथंच जन्मलो. मग काय झालं?"

सविता खाली बसली. "माझा आजोबा दर वर्साला हे गाणं म्हनायच्या आधी एक गोष्ट सांगायचा. वालूरची एक कोवळी बाई, पहिलटकरीण. लेकरू अशक्त, अंगावर पीत न्हवतं, चमच्यानं घातलेलंबी घेत न्हवतं. दहा-अकरा दिवस. डॉक्टरीण बाईनं आशा सोडली. आजोबा फरशी पुसता पुसता गायचा, पाच कडवी. एका दिवशी त्यानं बघितलं, गाणं चालू असलं की लेकराचं तोंड हलतंय. मग त्यानं बादली ठेवली आणि दारात उभा राहून गायला लागला. आई चमचा धरायची. लेकरानं घेतलं. आजोबा रोज तिन्ही वेळेला दारात उभा राहायचा, खोलीत यायची त्याला चोरी. बाई घरी निघाली तवा त्यानं तिच्या लेकरासाठी शेवटचं कडवं केलं. दूधभाताचं." तिनं डोळे पुसले. "त्या लेकराचं पुढं काय झालं, हे आजोबाला मरेपर्यंत कळलं न्हाई. आमच्या चर्चमधी म्हातारी माणसं अजून म्हनतात, वालूरचं लेकरू जगलं असंल का."

शिवकांतनं भिंतीचा आधार घेतला. मंडळाचा अध्यक्ष, पंचावन्न वर्षांचा, दोन नातवंडांचा आजा, तो खाटेशी आला आणि नेहमीच्या जागी मांडी घालून बसला. त्यानं गळ्यातलं लिंग एकदा मुठीत धरलं. मल्लेशला वाटलं, आता हा उठून जाणार.

शिवकांत गाऊ लागला.

पहिल्या ओळीला त्याचा आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला जागेवर आला. आणि भागम्मानं तोंड उघडलं. तोच मोठा ‘आ’. मल्लेशनं चमचा आत घातला.

"गीळ माय. गीळ."

पेज जिभेवर राहिली. मग कोपऱ्यातून हळूहळू बाहेर आली. त्यानं पुसली, दुसरा चमचा घातला. घशाची कातडी हलली नाही. तिसरा. तोही ओघळला. डॉक्टरांचं वाक्य मल्लेशच्या डोक्यात घणासारखं पडू लागलं. आठ दिवस. आठ दिवसांपूर्वी हेच गाणं, हाच भाऊ, हीच खाट होती, आणि पेज आत जात होती. त्याला भावाच्या नरड्याला धरावंसं वाटलं. तो म्हणाला, "उशीर केलास, दादा. लय उशीर केलास तू."

शिवकांत थांबला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी मिशीत उतरत होतं आणि तो गात होता. भागम्मा त्याच्याकडे एकटक बघत होती, तोंड उघडंच, भुवया जराशा उंचावलेल्या.

त्रिवेणीनं एकदम नवऱ्याचा हात धरला. "थांबा. त्यांच्या तोंडात नका घालू."

"का?"

"अहो, बघा की त्यांच्याकडं. ऋतुजाला भरवताना मी काय करायची? चमचा तिच्यापुढं, आणि तोंड माझं उघडं. सगळ्याच आया करतात. त्या मागायल्या न्हाईत. त्या भरवायल्यात."

मल्लेशला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि कळलं ते सोसवेना. वीस दिवस आपल्याला वाटलं आई जेवतेय. ती मनानं त्या दवाखान्याच्या खोलीत होती, चमचा धरून, न पिणाऱ्या लेकरापुढे. तिला भूक स्वतःची नव्हतीच. आणि मल्लेश तिथे अजून जन्मायचा होता.

त्रिवेणीनं चमचा भरला आणि शिवकांतच्या तोंडापुढे धरला. थोरल्या दिराला तिनं कधी पाण्याचं भांडंसुद्धा असं हातात दिलं नव्हतं. शिवकांतनं गाणं थांबवलं. आईकडे बघितलं. तोंड उघडलं आणि पेज घेतली.

तो गिळेपर्यंत भागम्माची नजर त्याच्या गळ्यावर होती. तो घोट खाली गेला तसे तिचे ओठ मिटले. कपाळ सैल झालं. मग पुन्हा ‘आ’.

शिवकांतचं तोंड भरलेलं होतं म्हणून गाणं सवितानं उचललं. चमच्यामागून चमचा, कडव्यामागून कडवं. सहाव्या कडव्यावर ती आली तेव्हा तिनं आवाज चोरला नाही. सिताराम म्हणे, माझे रिते दोन्ही हात. शिवकांतनं घोट गिळला, दारातल्या माणसांकडे एकदा बघितलं, आणि पुढची ओळ तिच्याबरोबर म्हटली, येशूचं नाव घेऊन, सगळी. मंडळातला एक जण तिथूनच माघारी फिरला. दुसऱ्यानं खाली बघितलं. किशनराव उंबऱ्यातच बसला.

वाटी संपली. भागम्माच्या पोटात त्यातला थेंब गेला नव्हता. पण तिचा चेहरा इतका निवांत मल्लेशनं दीड महिन्यात बघितला नव्हता. तिला जगवायला त्यानं देव, डॉक्टर, भाऊ, परकी बाई, कुणाकुणाचे पाय धरले होते, आणि ती तर आपलं काम उरकल्यासारखी पडली होती. पाय धरायला आता एकच जागा राहिली होती, तिचीच. तिथं धरून उपयोग नव्हता.

भागम्मानं पुन्हा तोंड उघडलं.

"मल्लेश," शिवकांत म्हणाला, "वाटी भरून आण."

"दादा, तिच्यात काहीच गेलं न्हाई. समदं तूच खाल्लंस."

"ठाऊक हाय मला. ती बघायलीय. आण भरून."

मल्लेश उठला, आत गेला आणि पातेल्यातली उरलेली पेज वाटीत ओतून घेऊन आला.